सोळा म्हणजे पोचत नाही

परभणी
गुरुवार, दि. १८ नोव्हेंबर १९९३
सायंकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे

तीर्थरूप किशनदादा यांस बन्सीधरचा नमस्कार.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी कॉम्प्युटरच्या खोलीत चार टेबलांवरच्या चार यंत्रांना चिठ्ठ्या डकवत होतो. एकावर ‘परभणी’, दुसऱ्यावर ‘गंगाखेड’, तिसऱ्यावर ‘सोनपेठ’, चौथ्यावर ‘पोखर्णी’. खळ अजून बोटांना आहे. कागद चिकट लागला तर राग मानू नये.

तुम्ही विचारलं होतं, संघात मी नेमकं करतो काय. आमचा तेलबिया संघ पुढच्या हंगामापासून तिन्ही खरेदी केंद्रांवरची वजनं आणि भाव टेलिफोनच्या तारेवरून रोजच्या रोज इथल्या मोठ्या कॉम्प्युटरवर आणणार आहे. तारा अजून यायच्या आहेत. तोवर औरंगाबादहून आलेल्या आमच्या इंजिनिअर सत्यशीला मॅडमनी ही चार गावं एकाच खोलीत वसवली आहेत. यंत्रांमधल्या वायरी म्हणजे रस्ते. परभणीहून एक वायर गंगाखेडला, एक सोनपेठला, एक पोखर्णीला, आणि गंगाखेड ते सोनपेठ अशी एक. पोखर्णीला मात्र परभणीवाचून रस्ता नाही.

आता सोनपेठच्या यंत्राला पोखर्णीला काही पाठवायचं असेल तर ते कोणत्या वायरीनं पाठवायचं, हे त्याला कसं कळावं? ते ठरवण्याच्या रीतीला मॅडम ‘रूटिंग प्रोटोकॉल’ म्हणतात. तीन रीती आहेत. पहिलीत सगळे रस्ते आपण हातानं लिहून द्यायचे. दुसरीत प्रत्येक यंत्रानं शेजाऱ्याला सांगत राहायचं, की ‘मला अमुक गाव इतक्या टप्प्यांवर लागतं’, आणि शेजाऱ्यानं ते ऐकून आपला हिशोब करायचा. तिसरी अवघड आहे, मला अजून नीट समजलेली नाही. तिन्ही तपासून कोणती घ्यायची ते १२ जानेवारीला चेअरमन तात्यारावांसमोर मांडायचं आहे. टिपण मी लिहिणार. मॅडम म्हणाल्या, “बारावी नापास असशील, पण ऱ्हस्व-दीर्घ तुला माझ्यापेक्षा बरं कळतं.”

आईच्या पायांची सूज उतरली का? अण्णा तिला डॉक्टरकडे न्यायला तयार झाले का? तेवढं कळवावं.

आपला,
बन्सीधर

*

सोनपेठ
२६ नोव्हेंबर ९३

बन्सीस किशनदादाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. कागदाला खळीचा वास यायलाय. चार गावं एका खोलीत बसवली म्हनतोस, मग पान्याचं टँकर कुनाच्या दारात थांबतंय? तुझी वहिनी कडूबाई म्हनली, भावजींना म्हनावं आपलं गावबी एका टेबलावर मांडा, निदान तिथं तरी लाईट राहील.

तुझ्या आईचं, काकूचं लिहितो. गंगाखेडच्या डॉक्टरकडं नेलतं. त्यानं मला बाजूला घेतलं अन् म्हनला, काळीज थकलंय, आता काय खाते ते खाऊ द्या. अण्णांना मी अर्धंच सांगितलं. काकूला कायबी सांगितलं न्हाई, पर तिला कळलंय. परवा कडूबाईला म्हनली, “मनकर्णीला एकदा बघितलं असतं.”

तू सात वर्साचा होतास. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत घरं जळाली, त्यातल्या चार कुटुंबांना दाजींनी आपल्या शेतातल्या आखाड्यावर ठिवून घेतलं, अन् अण्णांनी पोटच्या लेकीचं माहेर तोडलं. पंधरा वर्सं झाली, त्यांच्यासमोर तिचं नाव काढायची आजबी कुनाची टाप न्हाई. आपल्या घराची रीत तुला ठावं हाय. तुटलेल्या दाराची पायरी घरच्यानं चढायची न्हाई, निरोप तिऱ्हाइताच्या तोंडून जातो. अन् मी धाडला असं अण्णांच्या कानावर गेलं तर माझी खैर न्हाई. मी पुतन्या, मला रोज त्यांच्या शेजारी ताटावर बसायचंय.

पोखर्णी तुझ्या हाताशी हाय. परभणीहून घंट्याचाबी रस्ता न्हाई. कुनाकरवी तरी मनकर्णीला कळीव. मी काकूला सांगून टाकलंय, बन्सीकडून निरोप गेला म्हनून. तेवढ्यावर तिनं दोन घास जास्त खाल्ले.

किशन

*

परभणी
सोमवार, दि. ६ डिसेंबर १९९३
दुपारचा एक, डबा खाऊन झाल्यावर

तीर्थरूप किशनदादा यांस नमस्कार.

तुमचं पत्र २९ तारखेलाच मिळालं. उत्तराला उशीर झाला, क्षमा करावी. आईचं वाचून घडी घातली, पुन्हा उघडलं, पुन्हा घातली.

ताईला कळवायलाच हवं. मी रविवारी पोखर्णीला जाणारच होतो, पण मॅडमनी रविवारीही खोली उघडायला सांगितली. खरं म्हणजे कारण तेवढंच नाही. ताईच्या दारात मी काय म्हणून उभा राहू? माहेर तुटल्यावरही तिनं एकदा पोस्टानं राखी पाठवली होती, ती अण्णांनी परत केली. त्या पाकिटावर ‘घेण्यास नकार’ हे शब्द मी लिहिले होते. अण्णा म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. मी तिसरीत होतो आणि नकार या शब्दाचं शुद्धलेखन येत असल्याचा मला अभिमान वाटला होता. ते अक्षर ती ओळखत असेल.

म्हणून एक सुचवतो. गंगाखेडच्या बाजाराला पोखर्णीची माणसं येतात. तुम्ही आईच्या औषधासाठी तिथे जाताच. तिथून निरोप देणं सोपं नाही का? घरच्या रीतीतही बसेल. तरी मीही इथून पाहतोच.

इकडे पहिली रीत बाद झाली. हातानं लिहिलेले रस्ते आठवडाभर बिनचूक चालले. मग मॅडमनी मला न सांगता परभणी-सोनपेठची वायर काढून ठेवली. गंगाखेडवरून वाट मोकळी होती, तरी यंत्र त्याच तुटलेल्या वायरीवर पाठवत राहिलं. मॅडम म्हणाल्या, “पूल पडला तरी याच रस्त्यानं जा म्हणून लिहिलंय ना, मग बिचारं नदीत चालत जाणार.”

आता दुसरी रीत सुरू केली आहे. वायर काढली की थोड्या वेळात यंत्रं आपसात बोलून नवी वाट धरतात. कोणी सांगावं लागत नाही. मला ही फार आवडली. टिपणात हीच सुचवावी असं मनात आहे.

आईला माझा नमस्कार सांगावा.

आपला,
बन्सीधर

*

सोनपेठ
१५ डिसेंबर ९३

बन्सीस आशीर्वाद.

तू लिव्हलंस तसं केलं. गंगाखेडला औषधाला गेलतो. बाजारात पोखर्णीकडचा मेंढरंवाला ग्यानबा भेटला. त्याला च्या पाजला, मनकर्णीचं इचारलं. बरी हाय म्हनला, थोरला पोरगा दहावीला हाय, दाजींच्या शाळंला औंदा नवी खोली झाली. लय चांगला मानूस. म्हंजे पोखर्णीची वाट हिकूनबी उघडी हाय. अन् तू तर तिकून पाहतोच म्हनलास. दोन्हीकून झालं.

काकूला तसंच सांगितलं, दोन्हीकून निरोप गेलाय, पोरगी येतीच आता. तिनं पेटीतून हिरवा खण काढून उशाला ठिवलाय. कडूबाईनं हात लावला तर म्हनली, “ठिव तो, मनकर्णीचा हाय.”

अण्णा हल्ली दुपारच्याला फाट्यावर जाऊन बसायलेत. एसटी येऊन गेली की घरी येतेत. घरात करमत नसंल.

तुझे डब्बे आपसात बोलतेत हे वाचून कडूबाई म्हनली, या घरातली मानसं बोलतेत का इचारा.

किशन

*

परभणी
शुक्रवार, दि. २४ डिसेंबर १९९३
सायंकाळी साडेसहा

तीर्थरूप किशनदादा यांस नमस्कार.

दोन्हीकडून निरोप गेला हे तुमच्या पत्रात वाचलं आणि जीव भांड्यात पडला. मी इथून पाहतो म्हणालो होतो, त्याची आता गरज उरली नाही.

काल खोलीत एक गंमत झाली. गंमत म्हणजे चूकच. दुसरी रीत चालू असताना मी पोखर्णीची वायर काढली. पोखर्णीला दुसरा रस्ताच नाही, तेव्हा परभणीच्या यंत्रानं ‘पोखर्णी लागत नाही’ एवढंच म्हणायला हवं होतं. ते तसं म्हणणार तोच सोनपेठचं यंत्र म्हणालं, “मला पोखर्णी लागते. दोन टप्प्यांवर आहे.” परभणीनं विश्वास ठेवला, म्हणजे आपल्यापासून तीन टप्पे, आणि पोखर्णीसाठीचं सगळं सोनपेठकडे पाठवायला लागली. सोनपेठ ते परत परभणीकडे पाठवी. दोन्ही यंत्रांचे दिवे नुसते लुकलुकत होते. टप्प्यांचा आकडा मात्र वाढत गेला. तीन, चार, पाच, सहा.

मॅडम मागे उभ्या होत्या. मला म्हणाल्या, “परभणीला कोणी सांगितलं की सोनपेठकडून रस्ता आहे?”

मी म्हणालो, “सोनपेठनं.”

“आणि सोनपेठला कोणी सांगितलं होतं?”

सोनपेठला परभणीनंच सांगितलं होतं, वायर धड होती तेव्हा. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून परभणी निश्चिंत झाली होती.

आकडा सोळावर गेला आणि दोन्ही यंत्रं गप्प झाली. मॅडम म्हणाल्या, “सोळा म्हणजे पोचत नाही. मोजणं कुठं तरी थांबवावं लागतं, म्हणून सोळा.” तोवर जे पाठवलं होतं ते सगळं वाटेतच नाहीसं झालं. पाठवणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं, गेलं.

यावर उपाय आहे. ज्याच्याकडून बातमी कळली, त्यालाच ती उलटी सांगायची नाही. तसा नियम लावल्यावर दोघांमधली फेरी बंद झाली. मॅडम अजून खूश नाहीत, पण मी टिपणात दुसरीच रीत लिहिली आहे, या नियमासकट.

हे लिहिता लिहिता एक विचारावंसं वाटतं. ग्यानबाकडे तुम्ही निरोप दिलात, की ताईची खुशाली विचारलीत? पत्रात तेवढं स्पष्ट नाही. दिलाच असेल. तरी कळवावं.

आपला,
बन्सीधर

*

सोनपेठ
३ जानेवारी ९४

बन्सी,

निरोप दिला न्हाई. बाजूच्या बाकड्यावर अण्णांचे सोयरे बसलते. तोंडावर आलतं, च्यासंगं गिळून टाकलं. म्हनलं, बन्सी पाहतो म्हनलाय, त्यानं केलं असंल. तूबी माझ्या भरवशावर राहिलास हे तुझं पत्र वाचून कळलं.

काकू आता उठून बसत न्हाई. दार वाजलं की बघती. रीत गेली चुलीत. तू सोता जा अन् तिला घेऊन ये. पत्र मिळंल त्या दिवशी नीघ.

किशन

*

परभणी, एसटी स्टँड
गुरुवार, दि. १३ जानेवारी १९९४
सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे

दादा,

तुमचं पत्र मला सोमवारी मिळालं. आज गुरुवार आहे.

काय झालं ते लिहितो. बुधवारी तात्यारावांसमोर यंत्रं दाखवायची होती. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी मला त्याच क्षणी सोडलं असतं. मी सांगितलं नाही. दोन दिवसांत काय होतंय असं स्वतःला म्हणालो. टिपणाची पक्की प्रत करायची होती. आणि दोन दिवस ताईच्या दारात उभं राहणं टळत होतं.

काल दाखवलं. तात्याराव उत्साहानं पुढे आले आणि त्यांनी स्वतः पोखर्णीची वायर उपटली. माझ्या नियमामुळे दोघांमधली फेरी होणार नव्हती, पण गंगाखेड तिसरं होतं. सोनपेठला गंगाखेडनं सांगितलं, गंगाखेडला परभणीनं सांगितलं होतं, आणि सोनपेठनं ते परभणीला सांगितलं. उलटं कोणीच कोणाला सांगत नव्हतं, सगळे पुढेच सांगत होते, आणि बातमी गोल फिरत होती. आकडा पुन्हा सोळापर्यंत गेला. तात्याराव हसले, “अरे, हे तर आमच्या संचालक मंडळासारखं झालं! पत्र कुठं आहे विचारलं की तिघं एकमेकांकडं बोट दाखवतात.” सगळे हसले. मॅडमही हसल्या.

आज सकाळी स्टँडवर आलो. विद्यापीठाच्या नामांतराचं उद्या जाहीर होणार असं सगळे बोलत आहेत, आणि त्या बाजूच्या गाड्या सुटत नाहीत. कंट्रोलरनं सांगितलं, कधी सुटतील ते विचारू नका. एक ट्रकवाला पोखर्णीवरून जाणार होता. त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी म्हणून मी खिशातून पेन काढलं होतं. पुन्हा ठेवून दिलं. चिठ्ठी दिली असती तर मला वाटलं असतं, गेली. त्याला मलाच बसवून ने म्हणालो, तर म्हणाला, “आज नको बाबा, काच फुटली तर मला माझ्या जिवाचं पडेल.”

आज भाड्याच्या सायकलींचं दुकानही बंद आहे. उद्या पहाटे दुकानदाराच्या घरी जाऊन सायकल मागतो.

बन्सीधर

*

सोनपेठ
६ फेब्रुवारी ९४

बन्सीस आशीर्वाद.

तू तेरवी करून गेलास अन् दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याजवळ येऊन बसले. एवढे जवळ कधी बसत न्हाईत. म्हनले, “किशन, मनकर्णीला निरोप कदी गेलता?”

माझं पानी पानी झालं. त्यांना ठावं होतं बन्सी! काकूनंच सांगितलं होतं, डिसेंबरात, पोरगी येनार हाय म्हनून. ते फाट्यावर तिच्यासाठी बसत होते. रोज. मी मेलो त्यांना भिऊन अन् ते रोज एसटी बघायलेत.

म्हनले, “निरोप जाऊन महिना झाला, पोरगी आली न्हाई. आई गेल्यावर आली. तिनं राग धरला तर धरला, चूक माझी हाय. खण मी सोता नेऊन देतो. माफी मागतो.”

मी तोंड उघाडलं न्हाई. तेरवीला बायना आत्या मनकर्णीला सगळ्या बायांदेखत म्हनली, “आई मराय टेकली तरी लेकीला येळ मिळंना,” तवाबी मी गप होतो. तूबी पत्रावळी मांडत होतास, गप होतास. आता अण्णा तिच्या दारात जाऊन जी चूक तिनं केलीच न्हाई तिची माफी मागनार. काय करावं तूच सांग. माझं डोकं चालंना.

किशन

*

पोखर्णी
९ फेब्रुवारी १९९४

चि. बन्सीधर यास अनेक आशीर्वाद.

तू परभणीला पोचल्याचं कार्ड टाक म्हणाले होते, आलं नाही. म्हणून मीच लिहिते.

त्या दिवशी संक्रांत होती. मी दारात तिळाचे लाडू वळत होते. सायकलवरून एक माणूस आला, उतरला, आणि फाटकाशीच उभा राहिला. पंधरा वर्षांत तू केवढा झालास, तरी उभं राहण्यावरून ओळखलं मी. लहानपणी फुटलेली वस्तू हातात घेऊन असाच उभा राहायचास. तू म्हणालास, “ताई, आई सिरियस आहे. मला परवा कळलं.” तेवढंच म्हणालास. ह्यांनी गाडी शोधायला सगळं गाव पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी गंगाखेडपर्यंत टेम्पो मिळाला. आपण पोचलो तेव्हा अंगण सारवून झालं होतं.

त्याचं मी कोणाला बोलत नाही. गाड्या बंद होत्या, त्याला कोण काय करणार?

पण तेरवीच्या दिवशी बायना आत्या बोलली ते तुझ्या कानावर पडलं असेल. मी म्हणाले, मला संक्रांतीलाच कळलं. तर ती म्हणाली, “आता आनिक खोटं बोलू नकोस. तुझ्या आईला किशन सांगत होता, दोन्हीकून निरोप गेलाय म्हनून.” घरातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी जेवले नाही, निघून आले.

बन्सी, राखीच्या पाकिटावरचं अक्षर मी तेव्हाच ओळखलं होतं. ते तिसरीतल्या पोराचं अक्षर होतं, त्याचा राग मी एक दिवससुद्धा धरला नाही. ते मनातून काढून टाक. हे दुसरं आहे. आई माझं नाव घेत होती, हे तुला कधी कळलं? तेवढी एक तारीख मला लिही. आई गेली तेव्हा तिला काय वाटत होतं ते मला त्यावरून कळेल. मी येत नाही असं वाटत असेल तिला. मला निरोप मिळाला आणि मी आले नाही, असं.

ह्यांचा तुला आशीर्वाद.

तुझी ताई,
मनकर्णा

*

परभणी
शनिवार, दि. १९ फेब्रुवारी १९९४
रात्री आठ वाजता, सोनपेठहून परत आल्यावर

ताई,

तारीख २९ नोव्हेंबर. सोमवार होता. दादांचं पत्र दुपारच्या टपालानं आलं आणि त्यात आई तुझं नाव घेते असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ‘परवा कळलं’ हे मी तुझ्या फाटकाशी खोटं बोललो. तिथून पुढं प्रत्येक दिवशी ते जास्त खोटं होत गेलं.

दादांनी निरोप माझ्यावर सोडला. मी दादांवर सोडला. मग दादांनी लिहिलं की दोन्हीकडून झालं, आणि ते माझंच बोलणं माझ्याकडे परत आलं होतं, तरी मी ते खरं धरलं. मला खरं धरायचं होतं. तुझ्यापर्यंत एक शब्दसुद्धा कधी निघाला नव्हता. आईला आम्ही दोघांनी सांगितलं की निघाला आहे. तिला काय वाटत होतं, हे तू विचारलंस. कडूबाई वहिनी शेवटी तिच्याजवळ होत्या, त्यांना मी विचारून आलो. आई शेवटच्या दुपारी म्हणाली, “गाड्या बंद हायत म्हनं. मनकर्णी कुठं अडकली असंल गं.” तू येत नाहीस असं ती म्हणाली नाही. तू वाटेत आहेस असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं. ते खोटं होतं, आणि आमचं होतं. तुला त्यातून बरं वाटेल की वाईट, मला कळत नाही. जसं ऐकलं तसं लिहिलं.

बायना आत्याकडेही गेलो होतो. तिच्या सुनांसमोर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग तेरवीला तोंड शिवलं होतं का तुझं?” मी हो म्हणालो.

मग फाट्यावर गेलो. अण्णा अजून तिथं जाऊन बसतात. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, “अण्णा, ताईला निरोप गेलाच नव्हता.”

“कोन म्हनतं?”

“मी म्हणतो. मी आणि दादा, दोघांनी एकमेकांवर ढकलला. तुम्हाला भीत होतो.”

एसटी आली. कंडक्टर दारातून ओरडला, “आजोबा, आज तरी चढायचं का? का नुसतंच बघायचं?”

अण्णा म्हणाले, “उद्या. आज पोरगा आलाय.”

गाडी गेल्यावर धूळ बसेपर्यंत ते रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “तुमी मला भ्यालात. अन् मी तिला भ्यालो. रोज इथवर यायचो, गाडीत पाय ठिवायची हिंमत होईना. तिनं दार लावलं तर?” आणि थोड्या वेळानं, “पोरगी निरपराध निघाली. आता तर लयच अवघड झालं.”

ते उद्या सकाळी सोनपेठहून निघणार आहेत. सोबत दादा गंगाखेडपर्यंत येतील, तिथून पुढं अण्णा एकटे. त्यांनी तसंच सांगितलं आहे. खण त्यांच्या पिशवीत आहे. तुला हे आधी कळलेलं असावं म्हणून मी पहिल्या गाडीनं निघतो. हे पत्र पोस्टात टाकत नाही. तुझ्या हातात देईन, आणि तू वाचेपर्यंत बाहेर ओट्यावर बसेन. तोंडानं सांगायला घेतलं तर मी मधलं काही तरी गाळेन, म्हणून लिहून आणलं आहे. तुला अण्णांना दारात घ्यायचं नसेल तर तसं मला सांग, मी पोखर्णीच्या फाट्यावर त्यांना गाठून परत नेईन. ते ठरवणं तुझं आहे.

संघाचं टिपण मी फाडून नव्यानं लिहिलं. तिसरी रीत घेतली. तीत ‘अमुक गाव माझ्याकडून लागतं’ असं कोणी सांगतच नाही. प्रत्येकानं फक्त आपल्या दाराशी काय आहे तेवढं सांगायचं, ही वायर चालू, ही बंद. ते बोलणं मधल्या कोणी न बदलता सगळ्यांपर्यंत जातं, आणि रस्ता ज्याचा त्यानं शोधायचा. यंत्रांना काम जास्त पडतं, खर्चही जास्त आहे. तात्यारावांनी विचारलं, महाग कशाला घ्यायची? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “दुसऱ्या रीतीत न पोचलेलंसुद्धा पोचलं असं वाटतं.” त्यांनी सही केली.

या सगळ्या येण्याजाण्याचा हिशोब खाली देतो.

खर्च: सायकलचं भाडं दोन दिवसांचं, रुपये सोळा. परभणी-सोनपेठ जाण्या-येण्याचं तिकीट, रुपये चौतीस. उद्याचं पोखर्णीचं तिकीट, रुपये पाच.

देणं: गंगाखेडच्या टेम्पोला तू माझे म्हणून दिलेस ते रुपये दहा. पैसे खिशात आहेत, पण उद्या देणार नाही. ते फिटले की तुझ्या दारात यायला माझ्याकडे कारण उरणार नाही.

बन्सीधर